अंतर्गत आयपी अनिवार्य

ऑफिसच्या नेटवर्कमधून बाहेर जाणारा एक ट्रॅफिक गडबडीचा आहे हे कळायला मला वीस मिनिटंही लागली नाहीत. तो कोणत्या मशीनचा आहे हे कळायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

फायरवॉलचे लॉग, म्हणजे ये-जा केलेल्या कनेक्शनांच्या नोंदी, चाळताना बाहेरच्या एका पत्त्याकडे सतत जाणारी कनेक्शनं दिसली. पोर्ट ४४३, म्हणजे वरवर साधं वेब. पण वेळा बघा: ०३:१४:०७, ०३:१५:०१, ०३:१५:५०, ०३:१६:४८. ओळींमधलं अंतर काढलं, तर रात्रभरात एकही आकडा ६० सेकंदांच्या वर नाही, ४८च्या खाली नाही. माणूस असं ब्राउझिंग करत नाही. कोबाल्ट स्ट्राइक या हल्लेखोरही वापरतात त्या टूलचा बीकन, म्हणजे मशीनमध्ये बसून मालकाला हाक मारत राहणारा प्रोग्राम, दोन हाकांमध्ये जी झोप घेतो ती मुळात ६० सेकंदांची असते आणि २० टक्के जिटर (वेळेतला मुद्दाम केलेला फेरफार) लावला की ती नेमकी ४८ ते ६० मध्ये खेळते. पाठवलेले बाइट्सही दर खेपेला जवळपास तेवढेच. एकदाच आकडा फुगला होता, म्हणजे काहीतरी बाहेर गेलं असावं, आणि तीच ओळ बघून पोटात गोळा आला.

तरी ठेका दिसला म्हणून लगेच बोंब मारू नका. मागे मी अँटिव्हायरसच्या अपडेट तपासणीवरून अख्ख्या टीमला झोपेतून उठवलंय. तेव्हापासून आधी बघते, त्या पत्त्याकडे किती मशीनं जातात. सगळीच जात असतील तर बहुधा अपडेट. एकच जात असेल तर कान टवकारायचे.

इथे नेमकं तेच बघता येईना. आमच्या हाती येणारा लॉग नॅटच्या, म्हणजे मशीनचे आतले पत्ते बदलून बाहेर पाठवणाऱ्या यंत्रणेच्या, बाहेरचा. अख्खं ऑफिस एकाच पत्त्यामागे. नॅटचे लॉग नेटवर्क टीमकडे आणि ते मागायला फॉर्म. त्यात लाल तारा लावलेला, म्हणजे भरावाच लागणारा रकाना: ‘अंतर्गत आयपी’, मशीनचा ऑफिसातला पत्ता. अहो, तोच तर हवाय मला!

‘माहीत नाही’ लिहिलं, फॉर्म पुढे सरकेना. ०.०.०.० टाकलं, तो गेला आणि चार तासांनी परत आला: ‘आयपी चुकीचा’. मग बाहेरचा पत्ता टाकून खाली सगळी हकिगत लिहिली. उत्तर दुसऱ्या दिवशी: ‘हा पत्ता आपल्या नेटवर्कमधला नाही.’ नाहीच आहे, म्हणून तर जीव टांगणीला लागलाय! इकडे दर मिनिटाला लॉगमध्ये नवी ओळ पडतेय, आणि नॅटचे लॉग तीनच दिवस ठेवतात हे मला एव्हाना कळलं होतं.

शेवटी रात्रपाळीला थेट फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, “ताई, वेळ आणि सोर्स पोर्ट सांगा फक्त.” सोर्स पोर्ट म्हणजे कनेक्शन ज्या पोर्टवरून निघालं त्याचा क्रमांक; दोन्ही माझ्यासमोरच होते. पाच मिनिटांत पत्ता मिळाला. पोर्टसाठी त्या फॉर्मवर रकानाच नाही! तेव्हा लॉग मागताना वेळ सेकंदासकट आणि पोर्ट, दोन्ही पहिल्या ओळीत लिहा.

आणि वेळ कोणती तेही लिहा. फायरवॉलचे लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत; मशीनना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीचे स्थानिक वेळेत. तो पत्ता एकाच दिवशी दोन मशीनना मिळाला होता. मी भलत्याच लॅपटॉपच्या मालकाला फोन लावणार होते, थोडक्यात वाचले.

खरं मशीन सापडल्यावर बाकीचं भराभर झालं. ते बंद केलं नाही. नेटवर्कवरून तोडलं आणि आधी मेमरीची प्रत घेतली. बंद केलं असतं तर मेमरीतलं सगळं गेलं असतं. हो, आणि एक राहिलंच: डीएनएसचे, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचे, लॉगही उघडा. एकाच डोमेनखाली लांबलचक, अर्थहीन सबडोमेन ओळीने दिसली, त्यातही टीएक्सटी, म्हणजे पत्त्याऐवजी मजकूर मागणारी विचारणा, तर चोरलेला माल तिकडूनही जात असू शकतो. आमच्याकडे तसं काही निघालं नाही.

तो रकाना ऐच्छिक करा, अशी विनंती मी नंतर केली. ती करायलाही तोच फॉर्म भरावा लागला. अंतर्गत आयपीच्या जागी या वेळी माझ्याच लॅपटॉपचा पत्ता टाकला.