बरं, ठेवते

संक्रांतीच्या सुमारास सोलापूरच्या होम मैदानावर सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे आमची जत्रा, भरला, की आमचे अकरा जणांचे कुटुंब एका संध्याकाळी तिकडे जाते आणि आत शिरल्यावर पाचच मिनिटांत त्याची चार कुटुंबे होतात. गेल्या वर्षी धाकटा भाचा मौत का कुआँच्या फळ्यांना चिकटून उभा होता आणि त्याला शोधणारे आम्ही आकाशपाळण्यापाशी एकमेकांना मोबाईल लावत होतो. पडद्यावर नेटवर्कच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसत होत्या, फोन मात्र लागत नव्हता. कारण टॉवरचा सिग्नल किती जोरदार आहे तेवढेच त्या कांड्या सांगतात, त्याच टॉवरपाशी आणखी किती हजार जण ताटकळले आहेत ते सांगत नाहीत. त्या रात्री घरी परतताना भाओजींनी जाहीर केले, की आता वॉकीटॉकी घ्यायचे.

आमच्या घरात कोणतीही वस्तू घेताना प्रथम मोठा आकडा पाहिला जातो, आणि वॉकीटॉकीच्या खोक्यावर तो असतोच. एकावर तर पन्नास किलोमीटरचा पल्ला छापला होता, म्हणजे होम मैदानावरून बोललेले थेट नळदुर्गात ऐकू यावे. प्रत्यक्षात वॉकीटॉकीच्या रेडिओलहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. सपाट माळावर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांमध्ये झाड, घर, टेकाड काहीही नसले, तरी नऊ-दहा किलोमीटरवर जमिनीचाच उंचवटा आड येतो. तो छापील पल्ला एका डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या डोंगरमाथ्यावर मोजलेला असतो, आणि सोलापूरकराने डोंगरमाथा आणायचा कोठून? गावात, भिंती आणि गर्दी धरून, एक-दीड किलोमीटर स्पष्ट ऐकू आले तरी संच चांगला म्हणावा.

आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट खोक्याच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत असते. आपल्याकडे २०१८ साली ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ ही वारंवारतेची अरुंद पट्टी कमी शक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त झाली. न्यू जर्सीतला मावसभाऊ येताना चार संच आणतो म्हणाला होता, पण तिकडचे घरगुती संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात; तेथे ते कायदेशीर असले, तरी येथे वापरणे गुन्हा ठरेल. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या अनेक संचांवर तर वाटेल ती वारंवारता लावता येते, आणि पोलिसांच्या संभाषणात आपल्या आईने ‘मटकी भिजत घातली का’ असे विचारावे, ही कल्पना कितीही गमतीची असली तरी परिणाम गमतीचे नसतात. अशा विक्रीला आळा घालण्यासाठी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वेही काढली. म्हणून वारंवारता आणि ईटीए प्रमाणपत्र (म्हणजे उपकरणाला मिळालेली सरकारी मान्यता) या दोन गोष्टी स्पष्ट सांगू न शकणाऱ्या दुकानदाराला आम्ही नमस्कार केला आणि पुढे निघालो.

प्रथम एकच जोडी घेतली आणि परीक्षेसाठी कडक भाकरी व शेंगाचटणी बांधून नळदुर्ग गाठले. भाऊ उपळी बुरुजावर चढला, मी किल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो, आणि त्याची धापसुद्धा मला मोजता येईल इतके स्वच्छ ऐकू आले. मग मी बोरी नदीवरच्या धरणाच्या भिंतीतच बांधलेल्या पाणीमहालात उतरलो. चार पायऱ्यांनंतर आवाजात खरखर आली, आणि आत पोहोचल्यावर तर त्याचे अस्तित्वच संपले. त्याच वेळी आमच्या चॅनेलवर कोणी तरी ‘दोन चहा कमी पडलेत’ असे सांगू लागले. संचावर ‘प्रायव्हसी कोड’ असे भारदस्त नाव दिलेली सोय असते, परंतु तिने फक्त इतरांची बडबड आपल्या कानावर येत नाही; आपली बडबड ज्याला ऐकायची आहे त्याला ती ऐकू येतेच. घरातली भांडणे त्यावर करू नयेत.

धूळ आणि पाणी यांबाबत आयपी ६७ अशी खूण असते. त्यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. जाहिरातीत दुसऱ्याचेच कौतुक असते, पण सोलापुरात पहिल्यावरच भिस्त ठेवावी. बॅटरी आम्ही चार्ज करण्याजोग्या पेन्सिल सेलची निवडली, कारण ते संपले तर साधे सेल कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळतात. शिवाय मे महिन्यात बंद मोटारीत संच विसरण्याची आमची क्षमता निर्विवाद आहे, आणि तापून सेल बिघडले तरी तेवढेच बदलून भागते.

अंतिम निवड मात्र आईच्या अंगठ्याने केली. संधिवाताने तिचा अंगठा आखडलेला आहे, आणि भाओजींना आवडलेल्या काळ्या, रुबाबदार संचाचे बटण तिच्याने दाबले जाईना. शेवटी खेळण्यासारखा दिसणारा, पण मोठ्या, मऊ बटणाचा पिवळा संच ठरला. बटण दाबून क्षणभर थांबावे आणि मग बोलावे, हे तिला शिकवायला आठवडा लागला, कारण तोवर तिचा पहिला शब्द कापला जाई. ‘नको थांबू’ म्हटले, की पलीकडे ‘थांबू’ एवढेच पोहोचे आणि भाऊ दहीहंडीच्या मनोऱ्यासारखा जागच्या जागी उभा राही.

बोलणे संपल्यावर ‘ओव्हर’ म्हणायचे, असा भाओजींचा आग्रह होता. आईने तो शब्द एकदाही उच्चारला नाही. ती फोनवर म्हणते तसेच ‘बरं, ठेवते’ म्हणते, आणि यंदाच्या गड्ड्यात भाओजींसकट आम्ही सगळेच ‘बरं, ठेवतो’ म्हणत होतो. अडचण एवढीच, की ती ठेवते म्हणते आणि बटण सोडायला विसरते. मग बांगड्यांच्या दुकानात तिची चाललेली घासाघीस आम्हा सगळ्यांना शेवटच्या रुपयापर्यंत ऐकावी लागते, आणि ती संपेपर्यंत मध्ये कोणालाही बोलता येत नाही.