दोन वॅटचं अँप आणि चार ओहमचा पेच: स्पीकर अखेर ठरला

अँप होऊन सव्वा महिना झाला, पण ते अजून मित्राच्या उसन्या बुकशेल्फ स्पीकरवरच वाजतंय. व्हॉल्व्ह अँप आहे: ईएल८४ ही छोटी पॉवर व्हॉल्व्ह, सिंगल एंडेड (चॅनेलमागे एकटीच सगळा सिग्नल ओढणारी), ट्रायोड करून, म्हणजे साध्या तीन टोकांच्या व्हॉल्व्हसारखी जोडलेली, फीडबॅक अजिबात नाही. चॅनेलमागे जेमतेम दोन वॅट. उसन्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज, ८६ डेसिबल. विलंबितात गाणं गोड वाजतं, पण द्रुतात तबला तापला की समेवरची थाप चपटी होते. अँपचा दम तिथे संपतो आणि ते ऐकूही येतं.

हिशोब सोपा आहे. दोन वॅट म्हणजे एका वॅटपेक्षा ३ डेसिबल जास्त. दोन स्पीकरचे मिळून आणखी ३ धरा आणि खोलीत आठ फुटांवर बसलो म्हणून ५-६ वजा करा. म्हणजे ड्रायव्हरची (खोक्यात बसणाऱ्या कोनवाल्या युनिटची) जी सेन्सिटिव्हिटी छापलेली असते, साधारण तोच आकडा खुर्चीपाशी कमाल आवाज म्हणून मिळतो. फोस्टेक्स या जपानी कंपनीचा चार इंची एफई१०३ईएन घेतला तर ८९, साडेसहा इंची एफई१६६ईएन घेतला तर ९४. पाच डेसिबलचा फरक म्हणजे तिपटीहून जास्त वॅट. ते अँपमधून काढायचे तर ३००बी ही मोठी व्हॉल्व्ह आणि तिचे ट्रान्सफॉर्मर घ्यावे लागतील, तेव्हा आकड्याकडे बघून पाकिटाला बरं वाटतं. (४ ओहमच्या ड्रायव्हरवर २.८३ व्होल्टचा आकडा छापलेला असेल तर ३ डेसिबल मनातल्या मनात वजा करा. २.८३ व्होल्टला ८ ओहममध्ये एक वॅट जातो, ४ ओहममध्ये दोन.)

एफई१६६ईएनची जुनी, वापरलेली जोडी हाती लागली आणि ड्रायव्हरचा प्रश्न मिटला. उरला खोका. आमच्या घरात पेटी म्हटलं की हार्मोनियम समजतात, म्हणून खोकाच म्हणतो.

ओपन बॅफल, म्हणजे खोका नाहीच, नुसती पुढची फळी, हा आधी बाद केला. साडेसहा इंची कोन बॅफलवर मोकळा ठेवला तर खालचे सूर पुढून-मागून एकमेकांना खाऊन टाकतात. बॅक-लोडेड हॉर्नचा, म्हणजे कोनाच्या मागचा आवाज दुमडलेल्या, रुंदावत्या भुयारातून बाहेर काढणाऱ्या खोक्याचा मोह मोठा होता. या ड्रायव्हरचं चुंबक त्याच कामासाठी दणकट केलंय. पण आतल्या पट्ट्यांचा नकाशा बघून सुतारकाकांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "साहेब, ह्यात उंदीर पाळायचेत का?" मग पॉल व्होइट या इंग्रज अभियंत्याची १९३०च्या दशकातली निमुळती नळी. तिच्यावर मी दोन आठवडे घालवले. बंद टोकाकडून तोंडाकडे रुंदावत जाणाऱ्या नळीला पाव-तरंगलांबीचं (नळीची लांबी म्हणजे सुराच्या तरंगलांबीचा पाव भाग) साधं गणित जसंच्या तसं लागू होत नाही. सरळ नळी ५० हर्ट्झला १.७२ मीटर लागते, रुंदावणारी त्याहून बरीच लांब. दुमडली तरी कपाटाएवढी होते.

या सगळ्यात मी एक गोष्ट विसरत होतो, ती म्हणजे बॅफल स्टेप. २४ सेंटिमीटर रुंद बॅफलला साधारण ४८० हर्ट्झच्या आसपास आवाज बॅफलभोवती वळून मागे जायला लागतो. त्याच्या खाली समोरचा आवाज हळूहळू घटत जातो, कागदावर थेट ६ डेसिबलपर्यंत. मोठ्या अँपवाले कॉइल आणि रेझिस्टर टाकून वरचा आवाजच खाली आणतात. ९४चा ड्रायव्हर ९०वर आणायचा तर मी तो घेतला कशाला? तेव्हा कॉइल नाही. खोका भिंतीला चिकटून उभा राहणार आणि खालचं सगळं भिंतीकडून आणि अँपकडून वसूल करायचं.

अँपकडून, हे मुद्दाम लिहितोय. ट्रायोड जोडणीत ईएल८४चा आंतरिक रोध दोन हजार ओहमच्या आसपास असतो. माझा ट्रान्सफॉर्मर ५००० ओहमला ८ ओहम असा. म्हणजे स्पीकरच्या बाजूने सुमारे ३.२ ओहम, आणि वर तांब्याचा रोध. मोजायची युक्ती सोपी आहे. १ किलोहर्ट्झचा अगदी बारीक सिग्नल दिला. आउटपुट उघडं असताना मीटरवर ३.० व्होल्ट आले, ८ ओहमचा रेझिस्टर लावल्यावर २.०. तीन भागिले दोन, वजा एक, गुणिले आठ. उत्तर चार ओहम, डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचे आठ भागिले हे चार) दोन. (सिग्नल खरंच बारीक ठेवा. उघड्या आउटपुटवर जोर केला तर ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनचा जीव जातो.)

हे चार ओहम ड्रायव्हरच्या कॉइलला सिरीजमध्ये बसतात आणि त्याचा क्यू वाढवतात. (क्यू म्हणजे कोन किती झुलत राहतो त्याचा आकडा; तो वाढला की खालचे सूर वाढतात, पण सुटायला उशीर लावतात.) कॉइल साडेसहा ओहमची धरली तर विद्युत क्यू सुमारे १.६ पट होतो. छापील ०.२५ क्यूटीएसचा (एकूण क्यूचा) ड्रायव्हर माझ्या अँपवर ०.३८-०.३९चा होऊन बसतो. 'या ड्रायव्हरला बास नाही, हॉर्नशिवाय उपयोग नाही' हे मत ट्रान्झिस्टर अँपवर ऐकणाऱ्यांचं आहे आणि त्यांच्यापुरतं बरोबरही आहे. उलट, मुळातच जास्त क्यूचा ड्रायव्हर या अँपवर बंद खोक्यात लावला तर डग्गा पिंपासारखा घुमेल.

डेव्हिड मॅकबीन यांच्या हॉर्नरेस्प या खोक्यांचे आलेख काढणाऱ्या संगणक प्रोग्राममध्ये आरजीचा, म्हणजे अँपच्या आंतरिक रोधाचा एक रकाना आहे. मी इतके दिवस तो शून्यच ठेवत होतो. तिथे ४ टाकला आणि सरळ नळीचा, तळाशी पोर्ट (हवा जायची आखूड नळी) असलेला साधा खोका एकदम सुधारला. हा मास-लोडेड ट्रान्समिशन लाइन प्रकार मार्टिन किंग यांच्या गणितांमुळे हौशी लोकांत रुळला. पोर्टमधल्या हवेच्या वजनामुळे नळी आखूड असली तरी चालते. माझी बाहेरून १२० सेंटिमीटर उंच आहे. आलेख ५० हर्ट्झपर्यंत टिकतो.

५० मला पुरतात. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खरज सुमारे ६९ हर्ट्झचा. माझं नव्वद टक्के ऐकणं त्याच्या वरचं आहे.

आलेखावर भरवसा ठेवायच्या आधी एक प्रयोग केला. पहिला खोका कच्चा जोडला, आत गादीवाल्याकडचं रेक्रॉन वरच्या अर्ध्या भागात सैल भरलं, आणि व्हॉल्व्ह अँपऐवजी साधं चिप अँप लावलं, ज्याचा आंतरिक रोध जवळपास शून्य. घरच्या तानपुऱ्याचं मीच केलेलं रेकॉर्डिंग वाजवलं. जोडाच्या तारा आणि जवारी लख्ख, पण खरज म्हणजे नुसती तारेची झिणझिण, भोपळा गायब. मग पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेला ३.९ ओहमचा सिमेंट रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला, आवाज पुन्हा जुळवला, आणि भोपळा परत आला. इतका स्पष्ट फरक मला अपेक्षित नव्हता. चेकाळून ८.२ ओहम टाकला तर खरज सुटेचना, पुढच्या आवर्तनावर लोळायला लागला. व्हॉल्व्ह अँप हातात नसतानाही हा वीस रुपयांचा प्रयोग करता येतो.

आता चूक. १८ एमएमचा मरीन प्लाय टिंबर मार्केटमधून आणला (व्हर्नियरवर १७.४ भरला, तेही चालतं). कागदावर मी 'खोली २८' एवढंच लिहिलं. माझ्या मनात बाहेरून २८. काकांनी बाजूच्या फळ्या २८च्या कापल्या आणि पुढची-मागची फळी त्यांच्यावर चढवली. आतली खोली २४.४ हवी होती, झाली २८, म्हणजे घनफळ साधारण १५ टक्के जास्त. काका म्हणाले, "तुम्ही आतून का बाहेरून, सांगितलंच कुठं?" खरंच सांगितलं नव्हतं. नव्या मापांनी पुन्हा आलेख काढला तर पोर्ट थोडा आखूड करून भागतंय, म्हणून दोन्ही खोके तसेच ठेवले. वरचा प्रयोगही याच जाडजूड खोक्यावरचा आहे.

पोर्टसाठी ७५ एमएमचा पीव्हीसी पाइप घेतलाय, मुद्दाम लांब. एकेक सेंटिमीटर कापत, दर कापाला इम्पिडन्सच्या (सुरागणिक बदलणाऱ्या रोधाच्या) आलेखातले दोन डोंगर मोजत खाली येतोय. मधली दरी काल ४६ हर्ट्झवर होती, ती ५०च्या जवळ आणायची आहे. दुसऱ्या खोक्याचं भोक अजून पाडायचंय, आणि वरचे सूर जरा कडक वाटतात ते ड्रायव्हर नवीन जागी बसल्यामुळे की माझ्या भिंतीमुळे, ते स्टिरिओ झाल्यावर बघेन. तोवर एकाच कानाने ऐकतोय.