अननसाचा सदरा, परक्याचा कुंचला

फिलिपिन्समधल्या मनिलातल्या पोशाखांची जुनी चित्रं बघताना चेहऱ्यांवर वेळ घालवू नका. आधी खांदा आणि बाही बघा. बाईच्या खांद्यावर पान्युएलो नावाचा चौकोनी रुमाल कर्णावर दुमडून घेतलेला असतो: टोक पाठीवर, दोन्ही कडा पुढे आणून पिनेने अडकवलेल्या. रुमाल लहान आणि बाही अरुंद असेल तर चित्र बहुधा १९व्या शतकाच्या पूर्वार्धातलं. रुमाल पसरट, खळ देऊन ताठ केलेला आणि बाही घंटेसारखी फुललेली असेल तर शतक संपत आल्याचं. छापील तारखेवर विसंबण्यापेक्षा हा अंदाज बरा, कारण जुनीच चित्रं पुन्हा पुन्हा छापली जात.

बाकी पोशाखाचा उलगडा सोपा आहे. बारो म्हणजे आखूड, झिरझिरीत चोळी. साया म्हणजे घोळदार परकर. त्यावर तापिस, म्हणजे गडद रंगाचा, शिलाई नसलेला लांब कपडा, लुंगीसारखा गुंडाळून कमरेला खोचलेला. पायात चिनेला, म्हणजे भरतकामाच्या सपाता. त्या इतक्या तोकड्या की पायाची करंगळी बाहेरच राहते आणि सपात घसरू नये म्हणून तिनेच कड दाबून धरायची. चौकड्यांच्या एका सुती कापडाला तिथे काम्बाया म्हणत. नाव खंबायतेवरून पडलेलं. कापड मुळात आपल्याकडून गेलेलं.

१७९२ मध्ये मालास्पिनाच्या स्पॅनिश मोहिमेबरोबर हुआन राव्हेनेत हा इटालियन चित्रकार मनिलात येऊन गेला. १८१७च्या अखेरीस रशियन जहाज 'रुरिक'वरून विशीतला लुई कोरिस आला, तर १८५७ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकासाठी चार्ल्स वर्गमन. तिघांची शैली वेगळी, पण तिघांपुढे अडचण एकच: अननसाच्या पानांचं कापड, पिन्या.

हे कापड रंगवणं अवघड का, ते त्याच्या घडणीत आहे. पान फळीवर ठेवून फुटक्या चिनी बशीच्या कडेने खरवडतात. वरचा जाडा तंतू निघतो, तो 'बास्तोस'. मग नारळाच्या करवंटीने हलक्या हाताने खरवडल्यावर खालचा बारीक तंतू, 'लिनिवान', सुटतो. जोर जास्त लागला तर तंतू तुटतात, कमी लागला तर गर चिकटून राहतो. धुऊन, वाळवून एकेक तंतू पुढच्याला हाताने गाठ मारून जोडायचा आणि गाठीची शेपटं कापायची. इथे सूत कातत नाहीत, गाठी मारतात. आकलान प्रांतातल्या कालिबोची ही विणकाम परंपरा २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली.

असं कापड जलरंगात उतरवायचं तर आधी त्वचा आणि आतले कपडे पूर्ण रंगवून वाळू द्यायचे, मग पातळ पांढरट रंगाचा एकच हात, आणि शेवटी दाट पांढऱ्याने भरतकाम. तो पांढरा हात जाड झाला की पिन्याची मांजरपाट होते. फार पातळ झाला की बाई उघडी दिसते. पुढे गोंधळ छापखान्यात. मूळ चित्र शिळाछापाच्या दगडावर जसंच्या तसं उतरवलं तर छाप आरशासारखी उलटी येते, म्हणून झुंजीचा कोंबडा किंवा हातातली काठी कुठल्या हातात आहे याला पुरावा मानू नये. लाकडी ठशात तर झिरझिरीतपणा दाखवायला नुसत्या रेघा उरतात.

म्हणून शंका आली की दामियान दोमिंगोची चित्रं काढावीत. १८२०-३०च्या दशकांत हा मनिलाचाच चित्रकार परदेशी गिऱ्हाइकांसाठी पोशाखांचे आल्बम काढत होता. त्याच्या बारोवर भरतकामाची किनार कुठे संपते तेही कळतं. परका आणि दोमिंगो यांच्यात तफावत दिसली तर माझं मत दोमिंगोला.

पुरुषांच्या चित्रांत गावप्रमुख हमखास सापडतो: बाहेर सोडलेला लांब सदरा, वरून कमरेपर्यंतचं काळं जाकीट, डोक्याला उंच टोपी, हातात काठी. पाहुण्यांना जाकिटाखाली लोंबणारा सदरा विनोदी वाटे. स्थानिकांनी शस्त्र लपवू नये म्हणून स्पॅनिश राज्यकर्त्यांनी सदरा पारदर्शक आणि बाहेर सोडायची सक्ती केली, ही गोष्ट गाइड अजून रंगवून सांगतात. तसा कायदा काही सापडलेला नाही, आणि हाच सदरा श्रीमंत मेस्तिसोही, म्हणजे मिश्र वंशाचे लोकही, हौसेने घालत.

खरं कापड मनिलाच्या राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयाच्या वस्त्रदालनात बघता येतं. प्रवेश मोफत आहे. बारोंग, म्हणजे हा पुरुषी सदरा, विकत घ्यायचा असेल तर दुकानात कापड उजेडासमोर धरा. निव्वळ पिन्यात उभ्या-आडव्या दोन्ही धाग्यांत बारीक गाठी दिसतात. पिन्या-सेदामध्ये ताणा रेशमाचा असल्यामुळे गाठी फक्त बाण्यात. कुठेच गाठ नसेल आणि दुकानदार 'हुसी' म्हणत असेल तर ते बहुधा रेशमी ऑर्गेन्झा आहे. वाईट नाही, फक्त पिन्याच्या भावाने घेऊ नका. घरी आल्यावर घडी घालू नका, नळीवर गुंडाळा. तंतू घडीवरच मोडतो.