फुकटची झाडं

पावसाळा लागला की आमच्या बिल्डिंगमधे लिफ्टमधे कुणाच्या ना कुणाच्या पिशवीतून काड्या डोकावत असतात. जास्वंद, तगर, मोगरा, कोलियस, काय वाट्टेल ते. हवा दमट असते ना, फांदी सुकायच्या आत मुळं धरते.

माझं तर ठाम मत झालंय की नर्सरीतल्या झाडापेक्षा शेजाऱ्यांकडून फांदी मागून लावलेलं झाड जास्त जगतं. यात पुण्य वगैरे काही नाही हां. नर्सरीतलं शेडनेटखाली लाडात वाढलेलं असतं, आपल्या बाल्कनीत आलं की पानं टाकतं. शेजारच्या काकूंची जास्वंद मात्र तेच नळाचं पाणी, तेच पश्चिमेचं ऊन आणि काकू गावाला गेल्या की घडणारा उपास, हे सगळं सोसून उभी असते, आणि जे नखरेल असतं ते कुणाला वाटण्याइतकं वाढतच नाही, म्हणजे आपल्यापर्यंत येते ती फांदी आधीच परीक्षा पास झालेली. शिवाय ती त्याच झाडाचा तुकडा, बियांसारखी भानगड नाही, फूल तस्संच येणार.

लागतं काय तर पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी, खाली डोळ्याच्या (म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या) जरासं खालून तिरका काप, खालची पानं काढायची, वरची दोनतीन ठेवायची, ती पण मोठी असतील तर अर्धी कापायची कारण मुळं नसताना पानांतून पाणी उडत राहतं. उलटी खोचू नका (हसू नका, पानं काढलेल्या काडीचं वरखाली खरंच कळत नाही, तिरक्या कापाचा तोही एक उपयोग). आणि मुळं फुटली का म्हणून रोज उपटून बघायचं नाही! देवचाफ्याचं मात्र उलट, फांदी चीक सुकेपर्यंत काही दिवस सावलीत नुसती टाकून ठेवायची, ओली खोचली की कुजते.

मनीप्लांट म्हणे चोरूनच आणावा लागतो. काही नाही हो, डोळा असला की मागून आणलेलाही लागतो.

नर्सरीतले मोठ्या फुलांचे गुलाब बहुतेक दुसऱ्या रानटी गुलाबावर डोळा बसवून कलम केलेले, त्यांची काडी लागली तरी किरकिरीच राहते, गावठी गुलाब मस्त लागतो. आणि कढीपत्त्याच्या फांद्या खोचण्यात वेळ घालवू नका, मोठ्या झाडाच्या बुडाशी मुळातून पिल्लं येतात ती मागा. फक्त ती खणून द्यावी लागतात, त्यामुळे ओळख जरा जास्त हवी, निदान चहा पिण्याइतकी.