धार डोळ्यांसमोर काढा

७ मे २०२४, लोकसभेच्या तिसऱ्या टप्प्याचं मतदान. कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या एका शाळेत मी केंद्राध्यक्ष होते. दुपारी सव्वाचारच्या सुमारास एक म्हातारे गृहस्थ मत देऊन बाहेर आले आणि दाराकडे न वळता थेट माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, म्या दाबलं एक आन् चिठ्ठीवर आलं दुसरंच."

खोली एकदम गप्प झाली. उमेदवारांचे प्रतिनिधी खुर्चीवरून उठले. दारातल्या दोघा-तिघांनी ऐकलं आणि बघता बघता ते रांगेच्या शेपटापर्यंत पोचलं. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "मशीन बंद करा!"

निवडणुकीचं काम मी १९९५ पासून करते. त्या विधानसभेला मी नवी शिक्षिका, तीन नंबरची मतदान अधिकारी होते. मतपत्रिका कागदाची, फुलीचा शिक्का, घडी घालून पेटीत टाकायची. रात्री मेणबत्तीवर लाख वितळवून पेट्या सील करताना बोटं भाजायची. तेव्हा काळजी असायची ती कागदांच्या हिशोबाची आणि पेटी सुखरूप पोचवायची. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला तर मत बाद व्हायचं, पण "माझं मत गेलं कुठं?" असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. कागद पेटीत पडताना प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होता.

यंत्र आलं आणि ते दिसणं बंद झालं. केरळात परूरला १९८२ मध्ये ते पहिल्यांदा वापरलं गेलं, २००४ च्या लोकसभेला देशभर आलं. मतदाराला आपलं मत कागदावर दिसावं म्हणून व्हीव्हीपॅट जोडायला सुरुवात झाली ती २०१३ मध्ये, नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत. काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते, मग कापली जाऊन आत पडते. आमच्या मतदानाच्या अकराच दिवस आधी, २६ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मतपत्रिकांकडे जायची मागणी फेटाळली होती. पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायचं नकली मतदान, घेताना प्रतिनिधींचा तोच विषय चालू होता. नियमाप्रमाणे किमान पन्नास मतं टाकायची. मी प्रत्येक मत मोठ्याने पुकारून टाकायला लावलं, निकाल काढला, चिठ्ठ्या मोजून जुळवल्या, मग यंत्र कोरं करून दाखवलं. चिठ्ठ्या शिक्के मारून काळ्या पाकिटात सीलबंद केल्या. हे काम घाईने उरकणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्याचा राग येतो. दिवसभराचा विश्वास त्या दीड तासातच मिळवायचा असतो.

तर मामा समोर उभे होते. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, डोक्याला पटका. चिठ्ठी चुकीची आल्याच्या तक्रारीचा नियम ४९ एमए मला पाठ होता, पण वापरायची वेळ कधी आली नव्हती. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सावकाश सांगितलं : तुम्ही लेखी द्यायचं, मग सगळ्यांसमोर एक चाचणी मत टाकायचं. चिठ्ठी खरोखर चुकीची आली तर मी मतदान तिथंच थांबवून वर कळवणार. बरोबर आली आणि तुम्ही जाणूनबुजून खोटं बोलला असं ठरलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

एक प्रतिनिधी हळूच म्हणाला, "जाऊ दे की मामा, कशाला नसती झंझट."

मामांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "बाई, माझं आयुष्य दूध कट्ट्यावर गेलं. गिऱ्हाईक म्हशीम्होरं हुबं ऱ्हातंय, धार बगतंय, मग पैसं देतंय. मला बी तसं डोळ्यांम्होरं दाखवा."

यावर मी काय बोलणार? त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्यांनी एकेक अक्षर कोरत सही केली. मतदारांच्या १७ ए नोंदवहीत मी त्यांची दुसरी नोंद घेतली. "खरं मत कुणाला दिलंत ते सांगू नका. कुठलाही एक नंबर बोला आणि तोच दाबा," असं बजावलं. प्रतिनिधींसह आम्ही कक्षापाशी उभे राहिलो. उमेदवार सोळाहून जास्त, म्हणून बटणांची दोन यंत्रं, बॅलट युनिट, शेजारी शेजारी मांडलेली.

"पाच नंबर," मामा मोठ्याने म्हणाले. वाकले, डोळे बारीक केले, बोट पहिल्या युनिटवर नेलं.

आणि सहाव्या ओळीचं बटण दाबलं.

लांब बीप वाजली. लाल दिवा सहाव्या नावापुढे लागला, चिठ्ठीही सहाचीच आली.

"बगा! आलं का न्हाई सहा?" मामा आमच्याकडे वळून म्हणाले.

कुणीच हसलं नाही. बोट कुठं टेकलं ते सगळ्यांना दिसलं होतं. खिडकीतलं उन्ह तिरपं युनिटवर पडत होतं आणि मामांच्या उजव्या डोळ्यावर पांढुरका मोतीबिंदू होता. हे मला आत्ता, इतक्या जवळून दिसत होतं. मी त्यांचं बोट धरून पाचव्या ओळीवर ठेवलं, मग सहाव्यावर. ते बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिले.

"मग माझं पयलं मत?"

"ते जिथं पडलं तिथंच राहणार, मामा. ते मला परत देता येत नाही."

एवढं बोलायला मला फार जड गेलं. दृष्टी अधू असेल तर मतदाराला सोबती घेता येतो, अशी सोय नियमातच आहे. पण मामा आपल्या पायांनी ताठ चालत आले, म्हणून मी विचारलंच नाही. चूक यंत्राची नव्हती, मामांचीही नव्हती. ती माझी होती. क्षेत्रीय अधिकाऱ्यांना मी फोनवर घडलं तसं सगळं सांगितलं, ते जाणूनबुजून खोटं बोलले नाहीत हेही ठासून सांगितलं. प्रकरण तिथंच मिटलं. खिडकीला वर्तमानपत्रं लावली आणि मतदान पुढे सुरू केलं.

सहा वाजता रांगेतल्या लोकांना शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या. सगळं संपल्यावर क्लोजचं बटण दाबलं, मग टोटल. प्रत्यक्ष मतदारांपेक्षा एक मत जास्त. ते चाचणीचं मत कुणाच्या नावावर पडलं, ते मी मतांच्या हिशोबाच्या १७ सी फॉर्मच्या पाचव्या रकान्यात लिहिलं, म्हणजे मोजणीत ते वजा होईल. दुपारी "जाऊ दे की" म्हणणाऱ्या प्रतिनिधीने तो रकाना दोनदा वाचून मग सही केली.

२० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाला माझी नेमणूक दुसऱ्या केंद्रावर होती. पोचल्या पोचल्या मी मतदान कक्षात वाकून उजेड कुठून येतो ते पाहिलं आणि टेबल फिरवून घेतलं. दिवसभर प्रत्येक वयस्कर मतदाराला विचारत होते, "चिन्हं नीट दिसतात ना?" साडेनऊला एक आजी आल्या.

"दिसत्यात की," त्या म्हणाल्या. मग दाराकडे बघून आवाज बारीक करत, "पर बाई, नातीला आत घेता येईल व्हय?"

मी सोबती घेणाऱ्या मतदारांच्या नोंदीचा १४ ए चा कागद पुढे ओढला आणि नातीला आत बोलावलं.