पेन्सिलीआधी खांदा

मुलगा सिनिअर केजीत असताना शाळेतून निरोप आला की तो लिहायचा कंटाळा करतो, दोन ओळी झाल्या की डोके बाकावर टेकवतो आणि पेन्सिल इतकी दाबतो की कागद फाटतो. आजीचे मत होते की मुलगे जरा उशिराच वळणावर येतात, तर शेजारच्यांनी अक्षरसुधारणेची शिकवणी सुचवली. फोंड्याच्या आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून सराव देणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवले. ही सुरुवात ज्यांना करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पहिल्या भेटीत मुलाच्या हाती पेन्सिल अगदी शेवटी आली. त्याआधी थेरपिस्टताईंनी त्याला पालथे झोपवून हातपाय उचलायला लावले, त्याचे पाय धरून त्याला तळहातांवर चालवले, मणी ओवायला दिले, शर्टाची बटणे लावायला सांगितली. तळहातांवर चालताना चार पावलांतच त्याचे कोपर दुमडले आणि पोट खाली लोंबले, तेव्हा ताई म्हणाल्या, ‘‘हे बघा, अडचण इथे आहे.’’ खांदा आणि धड स्थिर नसेल तर बोटांना आधार मिळत नाही. मग मूल मनगट आखडून, सगळी ताकद लावून लिहिते आणि लवकर थकते. शिवाय आकार काढण्याची क्षमताही क्रमाक्रमाने येते. साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, त्यानंतर चौकोन आणि पाचव्या वर्षाच्या आसपास त्रिकोण. तिरकी रेघ जमण्याआधीच बाराखडीच्या ओळी गिरवायला लावणे ही आपल्या शाळांची घाई आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या दिवशी मलाही पुष्कळ प्रश्न विचारण्यात आले : मूल रांगले होते का, नखे किंवा केस कापताना रडते का, कोणते पदार्थ तोंडात धरत नाही, गर्दीत कसे वागते. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री ढोल आणि स्पीकर सुरू झाले की तो कान झाकून घरात पळतो, हे मी भित्रेपणा समजून सोडून दिले असते, पण ताईंनी ते लिहून घेतले. अशा बारीकसारीक गोष्टी आधीच वहीत टिपून नेल्या तर पहिला तास वाया जात नाही, आणि मूल जिन्यावरून कसे उतरते किंवा जेवताना चमचा कसा धरते याचे मोबाइलवरचे चित्रणही उपयोगी पडते.

ऑक्युपेशनल थेरपीचे हे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचे शिक्षण सुरू केले. त्यामुळे केंद्र निवडताना थेरपिस्टकडे या विषयाची पदवी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. झोपाळे, रंगीत चेंडू आणि मऊ गाद्या पाहून भुलू नये. मूल शांत व्हावे म्हणून घालतात त्या वजनदार जाकिटासारख्या साधनांच्या परिणामाचा पुरावा कमकुवत आहे. उलट बटण लावायचे असेल तर बटण लावण्याचाच टप्प्याटप्प्याने सराव, या पद्धतीला चांगला आधार आहे. ‘सहा महिन्यांत मूल नॉर्मल करून देतो’ असे म्हणणाऱ्याकडून उठून यावे. चांगली थेरपिस्ट ‘तीन महिन्यांत शर्ट स्वतः घालील’ अशी मोजता येणारी उद्दिष्टे लिहून देते.

खरा सराव घरी होतो, कारण केंद्रात आठवड्याचा एखादाच तास मिळतो. आम्हाला त्यासाठी काही विकत आणावे लागले नाही. ओले कपडे पिळणे, चिमटे लावणे, सोललेले नारळ पिशवीत भरून परसातून आत आणणे, भिंतीवर कागद चिकटवून उभ्याने चित्र काढणे, ही कामे त्याला आवडली. गणेश चवथीच्या आधी नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, कडा चिमटीने दाबायचे काम त्याच्याकडे दिले. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना त्याहून चांगला व्यायाम मला तरी माहीत नाही, फक्त पहिल्या घाण्यात सारण बाहेर येणार, हे धरून चालावे.

खर्चाचे म्हणाल, तर ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांना केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. आमच्या मुलासारख्यांना तो लागू नाही. मात्र 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते. ते पथक आले की आपली शंका त्यांच्यासमोर जरूर मांडावी.

शाळेशी बोलताना मी अहवालाची पूर्ण प्रत न देता त्यातल्या सूचना एका पानावर लिहून दिल्या : पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची, आखूड पेन्सिल, आणि एका वेळी अर्धे पान लेखन. बाईंनी खुर्ची लगेच बदलली. अर्ध्या पानावर मात्र अजून बोलणे चालू आहे.