विंचवाच्या नांगीचा फुगा

"कॉमिक्स? एवढी फी भरून तू तिथे कॉमिक्स वाचतेयस?"

आईचा प्रश्न रास्त होता. इथे अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या डिग्रीसाठीसुद्धा ह्युमॅनिटीजचे थोडे क्रेडिट मिळवावेच लागतात. यादीत चित्रकथा आणि इतिहास असं काहीतरी दिसलं आणि सोपा विषय म्हणून मी तो घेतला. चित्रंच तर बघायची, झोपण्याआधी अर्धा तास पुरेल, असा माझा हिशोब. माझ्या लेखी कॉमिक्स म्हणजे चाचा चौधरी, फार तर अमर चित्रकथा. प्रवासात वाचायचं आणि सीटवर विसरून यायचं.

पहिलंच पुस्तक होतं आर्ट स्पीगलमनचं 'माउस'. त्याचे वडील व्लादेक ऑशविट्झच्या छळछावणीतून जिवंत सुटले. मुलगा त्यांच्यासमोर बसून ती हकीकत काढून घेतो आणि चित्रात मांडतो. ज्यू म्हणजे उंदीर, नाझी म्हणजे मांजरं, पोलिश लोक म्हणजे डुकरं. पहिला भाग १९८६ चा, दुसरा १९९१ चा आणि १९९२ मध्ये त्याला खास पुलित्झर पारितोषिक मिळालं. दुसरा भाग आला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने तो आधी कादंबऱ्यांच्या यादीत टाकला होता. स्पीगलमनने तक्रारीचं पत्र लिहिल्यावर तो तिथून हलवला. उंदरांची गोष्ट खरी कशी असेल, असं त्या यादीवाल्यांना वाटलं असणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

मी ते पुस्तक एका रात्रीत संपवलं. वर्गात बाईंनी एकच पान काढायला लावलं. लपायची जागा गेल्यावर व्लादेक आणि त्याची बायको आन्या रस्त्याने चाललेत. कुठे जायचं, पत्ता नाही. त्यांच्यापुढे रस्ते फुटतात आणि ते रस्ते मिळून नाझी स्वस्तिकाचा आकार होतो. कुठलीही वाट धरली तरी तीच. मी हे पान बहुतेक तीन सेकंदांत उलटलं होतं. त्यावर आमची सबंध तासिका गेली.

दोन चौकटींमध्ये जी पांढरी पट्टी असते, तिला इंग्रजीत 'गटर' म्हणतात. (वर्गात या शब्दाला मी एकटीच हसले.) चित्रकथेतली निम्मी गोष्ट म्हणे त्या गटरात घडते. चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउडने चित्रकथांवरच्या १९९३ च्या पुस्तकात याचं एक झकास उदाहरण दिलंय. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि एक किंकाळी. मारताना कोणी दाखवलंच नाही. मग घाव घातला कोणी? वाचणाऱ्याने. तेव्हा मला ही नुसती हुशारी वाटली होती.

'माउस'मधल्या आणखी एका प्रसंगावर मात्र मी तावातावाने बोलले. म्हातारा व्लादेक मुलाबरोबर आणि सुनेबरोबर गाडीतून चाललाय. सून वाटेत एका काळ्या माणसाला लिफ्ट देते. व्लादेक बिथरतो, हा आपलं सामान चोरेल म्हणून कुरकुरत राहतो. सून चिडून विचारते, नाझी ज्यूंबद्दल जसं बोलायचे तसंच तुम्ही बोलताय! व्लादेकला ते पटतच नाही. मी हात वर करून म्हटलं, एवढं सोसलेल्या माणसाला आपण काय बोलतोय हे कळू नये? बाईंनी मान डोलावली. मला फार बरं वाटलं. दुसऱ्याच्या इतिहासावर न्याय करायला किती मोकळं वाटतं म्हणून सांगू!

मधल्या आठवड्यांत बरंच वाचलं. केइजी नाकाझावाची हिरोशिमावरची चित्रकथा ('बेअरफूट गेन', १९७३ पासून मुलांच्या साप्ताहिकात यायची. बॉम्ब पडला तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचा होता) मी रात्री वाचायला घेतली आणि अर्ध्यात ठेवून दिवा चालू ठेवून झोपले. काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी लढलेले काँग्रेसमन जॉन लुइस यांची 'मार्च' वाचली. त्यात लहानपणी कोंबड्यांपुढे प्रवचन देणारा मुलगा १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर पोलिसांचा मार खातो. त्याहून मला आवडली ती तिच्यामागची गोष्ट. १९५७ मध्ये माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर दहा सेंटची एक पातळ चित्रकथा निघाली होती आणि अहिंसक लढा कसा द्यायचा हे तिच्यात सांगितलं होतं. तरुण लुइसनी ती वाचली होती. पुढे तिचा अरबी अनुवाद इजिप्तपर्यंत पोचला. हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. "बरं, मग ठीक आहे," ती म्हणाली.

आणि मग आलं 'भीमायन'.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींवर बेतलेलं हे पुस्तक दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने २०११ मध्ये काढलं. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंत जोडप्याची. त्यात चौकटीच नाहीत. माणसांना डब्यात कोंबायचं नाही, असं व्याम दांपत्याने ठरवलं आणि पानं गोंडांच्या दिग्ना नक्षीने वळणावळणाने विभागली. आगगाडी सापासारखी सळसळत जाते. संवादांचे फुगे दोन तऱ्हांचे. साधं, प्रेमळ बोलणं पक्ष्याच्या आकारात. आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी.

वर्गाने साहजिकच माझ्याकडे पाहिलं. मी माहितगारासारखी सुरू झाले: महाड, चवदार तळं, १९२७. मग तो मसूर स्टेशनचा प्रसंग. लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांकडे निघालाय. स्टेशनवर न्यायला कोणी आलेलं नाही आणि जात कळल्यावर एकही गाडीवाला तयार होत नाही. शेवटी एक तयार होतो तो दुप्पट भाड्यावर. तेही बैल पोरांनीच हाकायचे, तो बाजूने चालणार. एका मुलाने विचारलं, हे मसूर खरंच आहे का? आहे ना, म्हटलं, साताऱ्याच्या पुढे. कोल्हापूरच्या गाडीतून मी कितीतरी वेळा तिथून गेलेय. हे सांगताना लक्षात आलं की त्या स्टेशनावर मी एकदाही खिडकीबाहेर पाहिलेलं नाही.

पण मी अडखळले ती दुसऱ्याच पानावर. पुस्तकाची सुरुवात आजच्या शहरातल्या बसथांब्यावर होते. एक तरुण आरक्षणाच्या नावाने बोटं मोडतोय आणि शेजारची बाई त्याला बाबासाहेबांची गोष्ट सांगायला घेते. तरुणाची तक्रार मी वाचली आणि कानात माझाच आवाज आला. प्रवेश परीक्षेच्या निकालाचा दिवस. आम्ही मैत्रिणी पायरीवर बसलो होतो. कट ऑफवरून रडारड चालली होती आणि मी त्यातल्या एकीला म्हणाले, "तुझं बरं आहे गं, तुला काय टेन्शन!" हसत हसत म्हणाले. बाकीच्याही हसल्या. ती मोबाइलमध्ये बघत राहिली. मी पुढचं काहीतरी बोलायला लागले.

व्लादेकवर हात वर करून बोलणारी ती मीच.

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकले. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसून गेली होती, असं त्यांनी लिहिलंय. बडोद्यात नोकरीला उतरल्यावर राहायला जागा मिळेना, तेव्हा ती परत आली. पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं आणि मग रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी सार्वजनिक बागेत बसून काढला. इथे येऊन मीही खूप काही विसरले. माझं आडनाव इथे कोणाला काहीच सांगत नाही. मात्र मला विसरून काही गमवावं लागत नाही आणि परत गेल्यावर काठ्या घेऊन कोणी दारात उभंही राहणार नाही. हे वर्गात बोलायचं होतं. बोलले नाही. वेळ संपला, असं स्वतःला सांगितलं.

सत्राच्या शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातलं एक पान काढून आणायचं होतं. चित्र चांगलं नसलं तरी चालेल, असं बाई म्हणाल्या होत्या. मी निकालाचा दिवस काढला. पायरी जमली. पाच मुली जमल्या, म्हणजे काड्यापेटीतल्या काड्यांना वेण्या घातल्यासारख्या जमल्या. खाली मान घातलेली ती मात्र सगळ्यांत नीट आली. माझं वाक्य लिहिलं आणि फुगा तेवढा राहिला. आधी गोल काढला. खोडला. पक्ष्याचा काढून पाहिला, हसत बोलले होते ना, वाईट हेतू कुठे होता. खोडला. नांगी काढायला पेन्सिल टेकवली आणि पुन्हा रबर घेतलं.

रात्री दोनपर्यंत एवढंच चाललं होतं. खोडून खोडून वाक्याभोवतीचा कागद विरला आणि एका जागी भोक पडलं. दुसऱ्या कागदावर उतरवायला वेळ नव्हता. तसाच नेऊन दिला.